डावऱ्याला मोठं ताट नाही

आबांनी मला फसवलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, माझ्या वडलांचे सख्खे मोठे भाऊ आणि आमच्या घराचे कारभारी. फसवलं ते एका ताटावरून. ज्याला हे हसण्यावारी न्यायचं असेल त्यानं न्यावं. मी उभा जन्म भांड्यांच्या धंद्यात काढला आहे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला काय घ्यायचं आहे आणि तो काय नाही म्हणणार आहे, हे मला कळतं. कोल्हापुरात माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकला असं मला आठवत नाही. पण आयुष्यातला पहिला सौदा मी हरलो, आणि तो कसा हरलो हे कळायलाही मला अर्धं आयुष्य लागलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या घरात माणूस लहान की मोठा हे वयावर ठरत नसे, ताटावर ठरे. पोरांना जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ताटल्या असत, हलक्या, कडा दुमडलेल्या, कुठंतरी पोचा आलेल्या. मोठ्या पुरुषांना पितळेची काठाची ताटं, आतून कल्हई केलेली. फरक नुसता आकाराचा नव्हता. ताटलीत वाटी बसत नाही. म्हणजे ताटलीवाल्याला तांबडा रस्सा वाटीत मिळत नाही. त्याची भाकरी कुस्करतात आणि वरून ओततात. पांढरा तर त्याच्यापर्यंत पोचतच नसे. मोठ्या ताटात दोन वाट्या ऐटीत उभ्या राहत, मध्ये सुकं मटण, कडेला भाकरी, कांदा. मोठ्या ताटावर बसलेला माणूस वाटी तोंडाला लावून भुरका मारायचा आणि तो भुरका आम्ही ताटलीवाले भिंतीकडच्या ओळीतून ऐकायचो. बायकांना तर ताटच नव्हतं. सगळ्यांची जेवणं झाली की त्या चुलीपुढं एका परातीभोवती बसत. हे तेव्हा आम्हाला वावगं वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं, पण माझी आई परातीत जेवते याचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं, मला फक्त माझ्या ताटलीचं वाटत होतं.

आजोबा वारले तेव्हापासून त्यांचं ताट फडताळात उभं होतं. घरात मोकळं असलेलं ते एकच ताट. ते कुणाला मिळणार हा प्रश्न उघड कुणी बोलत नव्हतं, पण पोरांत मी थोरला होतो. माझ्या पाठचा विलास, आबांचा मुलगा, माझ्यापेक्षा लहान आणि अंगानंही बारीक. मला मिसरूड फुटायला आलं होतं, उंची आईच्या डोक्याला लागली होती, तरी मी भिंतीकडच्या ओळीत शेंबड्या पोरांबरोबर मांडी घालून बसायचो. माझे गुडघे शेजारच्यांच्या ताटल्यांवर जायचे. पावणे आले की हमखास कुणीतरी विचारायचं, “ह्यो एवढा दांडगा अजून पोरांत कसा?” आणि आबा भाकरी मोडत शांतपणे सांगायचे, “डावरा हाय त्यो.” एवढं सांगितलं की पावण्यांचं समाधान व्हायचं. डाव्या हातानं जेवणारा मोठ्या माणसांच्या पंगतीत बसला तर शेजारच्याच्या हाताला हात लागतो, अन्नाचा अवमान होतो, असं आबांचं म्हणणं. मी मान खाली घालून काला कालवायचो, डाव्याच हातानं, आणि कान तापायचे.

सौदा झाला तो गोठ्यात. आमच्या चार-सहा म्हशी होत्या आणि सकाळ-संध्याकाळ ताजं दूध तालमीजवळच्या कट्ट्यावर जायचं. पैलवान आणि गावातले शौकीन तिथं उभ्या-उभ्या धारोष्ण दूध पीत. धारा काढणारा गडी एकाएकी काम सोडून गेला. आबांची पंचाईत झाली. त्यांनी मला गोठ्यात बोलावलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले,

“सदा, पुढच्या जत्रंपतोर धारा तू काढायच्या. कट्ट्यावर दूध तू पोचवायचं. अन् उजव्या हातानं जेवाय शिकायचं. आज्याचं ताट तुझं.”

मी लगेच हो म्हटलं नाही. हे मला आजही बरं वाटतं. मी विचारलं, “अन् वाटी?”

“वाटी बी.”

“दोन वाट्या. तांबड्याची येगळी, पांढऱ्याची येगळी.”

आबा मोठ्यानं हसले. “आयला, लई व्यापारी हाय रं हे! दिल्या दोन वाट्या.”

“शब्द?”

“आबाचा शब्द हाय. आता बस म्हशीखाली.”

म्हशीला माझा डावा हात चालत होता. तिनं कधी तक्रार केली नाही. पहाटेच्या अंधारात चरवी मांडीत धरून बसलं की पहिली धार रिकाम्या तळावर टण्णकन वाजायची, मग दूध चढत गेलं की आवाज जाड होत जायचा, आणि शेवटी फेसात नुसतं फुसफुस. त्या आवाजावरून चरवी किती भरली हे मला न बघता कळू लागलं. बोटं सुजायची. थंडीत शेणमातीत पाय बधिर व्हायचे. किटल्या घेऊन कट्ट्यावर गेलं की पैलवान चेष्टा करत, “काय रं, मालक झालास व्हय?” मी सांगायचो, “जत्रेला मोठ्या ताटावर बसणार हाय.” ते मला शाबास म्हणायचे. म्हणजे मी गावभर सांगून ठेवलं होतं. लाज वाटण्याची सोय मीच करून ठेवली होती म्हणा ना.

जेवणाचं शिक्षण आईनं घेतलं. माझी आई चंदगडकडची, भाताच्या मुलखातली. भाकरी एका हातानं मोडण्यात तिचाही हात फारसा बसलेला नव्हता. तरी तिनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडली आणि जेवायच्या आधी माझा डावा हात कमरेला करदोट्याशी बांधायला सुरुवात केली. उजव्या तळव्यानं भाकरी दाबायची, अंगठ्यानं धरायची, बोटांनी तुकडा ओढायचा. पहिले काही दिवस भाकरी जमिनीवर जायची आणि भात छातीवर. विलास समोर बसून हसायचा. “काकी, बघ की, सदादादाला भरवाय पायजे!” आई त्याला काही बोलायची नाही, कारण तो कारभाऱ्याचा मुलगा. मला मात्र दबक्या आवाजात म्हणायची, “हळू. घाई करू नको. बोटं ऐकत्यात, जरा दम धर.” पावसाळा सरला, सुगी झाली, उन्हाळा आला, आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं की चिंधी सैल सुटून पडली आहे आणि मी उजव्या हातानंच जेवतो आहे. आईनं ती चिंधी घडी घालून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली आणि चंदगडला माझ्या मामाला निरोप धाडला, की यंदा जत्रेला नक्की ये, भाच्याला ताट मिळणार आहे.

आता माझ्या दुकानात तरुण आई-बाप येतात. बरोबर दोन-अडीच वर्षांचं पोर, हातात मोबाईल. “काका, ह्याला मोठा चमचा कधी द्यायचा? नेटवर वाचलं, एवढ्या वयाआधी देऊ नये.” माझ्याकडं लहान मुलांचे चमचे आहेत, आखूड दांड्याचे, जाड बुडाचे, काटेही आहेत बोथट टोकांचे. मी ते विकतो आणि नफाही घेतो. पण विचारलंच तर सांगतो, की ज्या दिवशी ते तुमच्या चमच्याकडं हात करेल त्या दिवशी ते तयार झालं. सांडेल. पुसा. कोणता हात पुढं करतंय ते मात्र बघत बसू नका. परवा एक बाई म्हणाली, “पण ही डाव्या हातानं धरते हो.” मी तिच्यावर खेकसलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. माझ्या मुलानं मला आत नेलं आणि त्या बाईला चमचा फुकट दिला. घरी येऊन मला फार ओशाळल्यासारखं झालं.

जत्रा आषाढातली. त्या दिवशी आमच्याकडं बकरं पडायचं आणि सोप्यात पंगत बसायची. सकाळपासून पाटा वाजत होता, खोबरं भाजल्याचा वास ओल्या हवेत खाली बसला होता, बायकांचे डोळे कांद्यानं आणि धुरानं लाल झाले होते. आईनं आजोबांचं ताट फडताळातून काढलं आणि चिंच-राखेनं घासलं. कल्हई नुकतीच करून आणली होती. त्यात माझं तोंड दिसलं, जरा फुगलेलं. मी अंघोळ केली, धुवट सदरा घातला. मामा काजूची पिशवी घेऊन आला आणि मला म्हणाला, “आलास की रं माणसांत!” आई चुलीपुढून माझ्याकडं बघून हसली. ती तशी हसलेली मी फार वेळा पाहिली नाही.

मला मामासमोर जागा मिळाली. आबा वरच्या टोकाला, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते माझ्या बाजूच्याच ओळीत. वाढपी आले. सुकं पडलं, भाकरी आली. एक वाटी तांबडा, एक वाटी पांढरा. दोन वाट्या. आबांनी ठरल्याप्रमाणं दिल्या होत्या, ते मी नाकारत नाही. मी तळव्यानं भाकरी दाबली, अंगठ्यानं धरली, तुकडा ओढला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. काही सांडलं नाही. मामानं मान हलवली. माझं निम्मं जेवण झालं, उजव्या हाताची पाचही बोटं तांबड्या रश्श्यात माखलेली, नाकातून पाणी येत होतं, आणि मला वाटत होतं की या पंगतीत मी जन्मल्यापासून बसतो आहे. तेवढ्यात वरच्या टोकाकडून आवाज आला,

“सदा, लिंबू घे रं!”

मी वर बघितलं. आबांनी अख्खं लिंबू फेकलं होतं. माझा डावा हात उठला आणि त्यानं ते हवेत झेललं. अचूक झेललं.

मग आबांनी दोन्ही ओळींकडं बघितलं. “बघितलासा पावणं? वरीसभर शिकीवलं. हात कुठला आला म्होरं?”

एक पावणा हसला. “डावरं त्ये डावरंच, आबा.”

“कुत्र्याचं शेपूट,” दुसऱ्यानं भर घातली, आणि मग सगळी पंगत हसली. मटणाच्या जेवणात माणसं मोकळी हसतात. मी लिंबू मुठीत धरून बसलो होतो. ते ठेवावं कुठं हे मला सुचेना. मला खरोखर वाटलं की माझ्याकडून मोठा गुन्हा झाला आहे, हातानं मला उघडं पाडलं आहे. मी त्या हाताकडं बघत होतो.

“ह्याची ताटली आणा गं कुणीतरी,” आबा आत बघून म्हणाले. “अन् ते ताट धुऊन घ्या. इलासला बसवू.”

ताटली घेऊन आई आली. दुसरं कुणी आलं असतं तरी चाललं असतं, पण आईच आली. पदर डोक्यावरून ओढलेला, नजर खाली. तिनं माझ्या पुढचं ताट उचललं, त्यातलं अर्धवट खाल्लेलं सुकं ताटलीत लोटलं, भाकरी टाकली, आणि वाटीतला तांबडा वरून ओतला. पांढऱ्याची वाटी ती तशीच घेऊन गेली. जाताना आबांच्या समोर थांबून म्हणाली, “चुकलं पोराचं, भावजी.”

हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. ताट गेलं त्याचं मी सोसलं असतं. पण माझी आई पंगतीसमोर, तिच्या भावासमोर, माझ्यासाठी माफी मागत होती.

विलास आला तो ओल्या हातांनी. त्याला कुणी हाक मारायच्या आधीच तो हात-पाय धुऊन दाराशी उभा होता. मी उठून भिंतीकडच्या ओळीत गेलो. मामानं भाकरी मोडायला घेतली. सोयरिकीच्या घरात तो काय बोलणार. दादा खाली बघून जेवत होते आणि मधूनच पाण्याचा तांब्या उचलून पीत होते.

पावणे गेल्यावर, दुपार कलल्यावर, आईनं मला चुलीपुढं बोलावलं. मी काही खाल्लं नाही हे तिला कळलं होतं. तिनं परातीत भात घेतला, मध्ये आळं करून पांढरा ओतला, आणि परात माझ्यापुढं सरकवली. मी सवयीनं डावा हात पाठीमागं नेला. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे. खा कुठल्याबी हातानं.” तोवर मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो. तिच्या परातीत जेवताना मला भूक लागली होती आणि मी सगळं संपवलं. तिला काय उरलं हे मी विचारलं नाही.

धारा मात्र मी दुसऱ्या दिवशीही काढल्या. काढाव्याच लागल्या. कट्ट्यावर पैलवानांनी विचारलं, “काय मालक, बसला का ताटावर?” मी हो म्हणालो. पुढं वर्षा-दोन वर्षांत मी पेठ वडगावला एका भांडेवाल्याकडं कामाला लागलो, बाजारच्या दिवशी भांडी मांडायची आणि ओरडायचं. तिथून माझं सगळं सुरू झालं. घराचं काही घेतलं नाही.

मला खरी गोष्ट कळली ती फार नंतर. तोवर माझं स्वतःचं दुकान झालं होतं आणि मी लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचो. एका लग्नात भांडी नीट परत येतात की नाही ते बघायला मी मांडवात उभा होतो. पंगत बसलेली. माझ्या समोर पाण्याचे पेले उचलले जात होते, आणि ओळीतला प्रत्येक माणूस पेला डाव्या हातानं उचलत होता. कसा नाही उचलणार? उजवा हात उष्टा. जेवताना पाणी घ्यायचं, मीठ घ्यायचं, वाढप्याला थांबवायचं, तर आपल्याकडं डावाच हात पुढं येतो. उष्ट्या हातानं कुणी शिवत नाही, ही तर आईच्या मांडीवर शिकलेली रीत. त्या दिवशी आबांनी लिंबू स्वतःच्या मुलाकडं फेकलं असतं तर त्यानंही ते डाव्याच हातानं झेललं असतं. दादा तांब्या डाव्या हातानं उचलून पाणी पीत होते. आबासुद्धा. ज्या हातानं आबांनी ते लिंबू फेकलं, तोही डावाच असणार, कारण त्यांचाही उजवा रश्श्यात होता. आणि बोली होती ती खायची. झेलायची नव्हती.

एका वाढप्याच्या हातातून वाटी निसटली म्हणून मी त्याला एवढा बोललो की यजमान धावत आले. ज्यानं धंद्यात भल्याभल्यांना शब्दात पकडलं, त्याला एवढी साधी गोष्ट वेळेवर का सुचली नाही? एक वाक्य पुरलं असतं. “आबा, उष्ट्या हातानं झेलू व्हय?” सगळी पंगत माझ्या बाजूनं हसली असती. पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस हिशेब करत नाही.

मी त्याच आठवड्यात आबांकडं गेलो, भांडायलाच. ते अंथरुणाला खिळले होते, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. सून त्यांना लहान पोरांच्या चमच्यानं पेज भरवत होती. मोठा चमचा तोंडात मावत नव्हता. त्यांनी मला ओळखलं आणि काहीतरी बोलले, ते कुणालाच कळलं नाही. मी थोडा वेळ बसलो आणि उठलो. उत्तर न देता सुटले, म्हणून मी म्हणतो की त्यांनी मला दोनदा फसवलं. दादांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, “जेवताना वाद नको, म्हणून गप बसलो.” एवढंच. आई मात्र मरेपर्यंत हेच समजत होती की चूक माझ्या हाताची होती. मी तिला समजावून सांगायला हवं होतं, पण मला कळेपर्यंत ती गेली होती.

आता उरलास तू, विलास. तू अधूनमधून माझ्या दुकानात येतोस, स्टुलावर बसून चहा पितोस, गुडघेदुखीचं सांगतोस. ताटाचा विषय काढला की म्हणतोस, “जाऊ दे की सदादादा, पोरवयातलं काय धरून बसलायस.” पोरवयातलंच आहे, आणि म्हणूनच धरून बसलो आहे. वर्षभर धारा मी काढल्या, आणि तू हात धुऊन दाराशी उभा होतास. तुला सांगून ठेवलं होतं ना? सकाळीच सांगितलं होतं, की आदल्या दिवशी? लिंबू फेकायचं हे घरात कुणाकुणाला ठाऊक होतं? माझ्या वडलांना ठाऊक होतं का? मला ताट नको, माझ्या दुकानात ताटांच्या चळती आहेत. मला उत्तर पाहिजे. आणि ते माझ्या दुकानात चहा पिताना दिलेलं मी घेणार नाही. यंदाच्या जत्रेला तुझ्या सोप्यात पंगत बसली की, पावण्यांसमोर, माझी आई उभी होती त्याच जागी उभा राहा आणि सांग, चूक कुणाची होती.